कोरीव ओकचे कपाट नेमके कोणाचे?

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या साध्या ब्रॅकेटवरही पुरवठादाराचा सांकेतिक क्रमांक असतो. एखादा सुटा भाग सदोष निघाला, तर तो कोणत्या कारखान्यात, कोणत्या दिवशी आणि कोणत्या साच्यातून तयार झाला याचा माग नोंदींवरून काढता येतो. इतकेच कशाला, परदेशी जाणारा माल ज्या पाइनच्या खोक्यात भरला जातो, त्या खोक्याच्या फळीवरही गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, 'आयएन' ही देशाची अक्षरे, उत्पादकाचा क्रमांक आणि लाकडाला उष्णता देऊन कीड मारल्याची 'एचटी' ही खूण डागलेली असते. २००२ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने ही खूण ठरवून दिली. चार-सहा फेऱ्यांत जळणात जाणाऱ्या खोक्याची कुळकथा अशी चोख असते. त्याच पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या घरात आजोबांनी लिलावात घेतलेले, सिंहमुखे आणि द्राक्षवेली कोरलेले भरभक्कम कपाट मात्र निनावी उभे असते.

खडकी आणि देहूरोडच्या लष्करी छावण्या या पट्ट्याला लागूनच आहेत. ब्रिटिश अमदानीत साहेबाची बदली झाली की घरसामानाचा लिलाव पुकारण्याची प्रथा होती आणि विलायती बनावटीचे टेबल किंवा बुफे अशा मार्गाने देशी घरांत येई. पुढे मुंबईच्या चोरबाजारातून आणि अलीकडे परदेशातून येणाऱ्या जुन्या सामानाच्या व्यापारातूनही अशा वस्तू येत राहिल्या. आज वाडा किंवा बंगला पाडून इमारत उभी करायची वेळ आली की प्रश्न निघतो : हे कोणी बनवले आणि याचे मोल काय? विक्रेता 'व्हिक्टोरियन' हा एकच शब्द उच्चारतो. जुन्या सामानाच्या बाजारात या शब्दाइतका सैल वापरला जाणारा दुसरा शब्द नसावा.

कर्त्याचा शोध घेताना बहुतेक जण प्रथम कोरीव कामाकडे पाहतात. ते साहजिक असले तरी क्रम उलटा आहे. कोरीव काम हा कपाटाचा सर्वांत बोलका आणि सर्वांत फसवा भाग असतो. शोध लाकडापासून आणि तोही मागच्या बाजूने सुरू करावा.

पहिला प्रश्न, हे लाकूड ओक आहे काय? ओक हा थंड प्रदेशातला वृक्ष. आपल्याकडे हिमालयात बांज नावाने त्याची एक जात आढळते. पण तिचा उपयोग मुख्यत्वे जळण, कोळसा आणि गुरांच्या चाऱ्यासाठी. महाराष्ट्रातील जुने फर्निचर सागवानी किंवा शिसवी. त्यामुळे आपल्या घरातील वस्तू खरोखर ओकची असेल, तर ती परदेशातून आली असण्याची किंवा तिचे लाकूड तरी परदेशातून आले असण्याची शक्यता फार मोठी ठरते. केवळ या एका उत्तराने शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

ओक आणि सागवान यांत गल्लत होते ती रंगामुळे. दोन्ही लाकडांवर शंभर वर्षांचे पॉलिश आणि धूर बसला की ती सारखीच तपकिरी दिसतात. दोन्हींत वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते, म्हणून नुसत्या रेषांवरून निर्णय करू नये. खरा फरक किरणांचा. झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांना किरण म्हणतात. ओकमध्ये त्यांतील काही इतके रुंद असतात की फळीच्या कापलेल्या टोकावर ते नुसत्या डोळ्यांनी चाकाच्या आऱ्यांसारखे दिसतात. खोड गाभ्यातून चिरून काढलेल्या फळीवर त्यांचेच चकचकीत, रुपेरी, वेडेवाकडे पट्टे उमटतात. सागाचे किरण बारीक. त्यात असे पट्टे दिसत नाहीत. शिवाय न रंगवलेल्या जागी, म्हणजे खणाच्या आत, सागवान किंचित तेलकट लागते आणि त्याला जुन्या चामड्यासारखा वास असतो. ओकमध्ये टॅनिन भरपूर असल्याने लोखंडी खिळ्याभोवती लाकूड निळसर काळे पडते. जुन्या ओकच्या सामानात खिळ्यांभोवती हे काळे वर्तुळ बहुधा असतेच.

येथे पुण्याच्या वाचकांनी एका नावापासून सावध राहिले पाहिजे. आपल्याकडे बागांतून आणि बंगल्यांच्या कुंपणाशी दिसणारा सिल्व्हर ओक हा ओक नव्हेच. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि वेगळ्याच कुळातला. परंतु योगायोग असा, की त्याच्या लाकडातही रुंद किरण असतात आणि चिरल्यावर जाळीदार चकाकणारे ठिपके दिसतात. भारतात वाढलेल्या या लाकडाचे टेबल 'ओकचे' म्हणून विकले जाते, तेव्हा विकणारा दर वेळी लबाड असतोच असे नाही. नावाने तोही फसलेला असतो. टोकाकडून पाहिले तर भेद कळतो : ओकमध्ये वर्षागणिक मोठ्या छिद्रांची ठळक ओळ असते, सिल्व्हर ओकमध्ये तशी नसते. शंका उरलीच, तर डेहराडूनची वन संशोधन संस्था सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात ओळखून देते. त्यासाठी वस्तूच्या अदृश्य भागातील छोटासा तुकडा पुरतो.

दर्शनी लाकूड ओक ठरले, तरी खणाचा तळ आणि पाठीची फळी कोणत्या लाकडाची आहे ते पाहावे. इंग्लंडमधील कारागीर या लपलेल्या भागांसाठी पाइन किंवा ओकच वापरीत. मुंबईचा सुतार हाताशी असलेले सागवान, फणस किंवा देवदार घेई. पुढे ओक आणि आत सागवान असे आढळले, तर दोन शक्यता संभवतात : कपाट इथेच जुळवले गेले, किंवा वाळवीने खाल्लेले भाग नंतर बदलले गेले. दुसरी शक्यता आपल्या हवेत अधिक. फळी बदलली असेल, तर शेजारच्या लाकडावर जुन्या खिळ्यांची रिकामी भोके राहतात.

यानंतर सांधे आणि लोखंडी सामान. या बाबतीत औद्योगिक पट्ट्यातील वाचकाची नजर एखाद्या कलासमीक्षकापेक्षा तयार असते, असे माझे मत आहे. खणाच्या कोपऱ्यातील डव्हटेल सांध्याचे दात हाताने कापलेले असतील, तर ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि कडेला आखणीची बारीक रेघ दिसते. यंत्राने कापलेले दात सारखेच असतात. असे दात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत रूढ झाले. फळीच्या मागील बाजूस करवतीच्या खुणा सरळ आहेत की कमानदार, हेही पाहावे. कमानदार खुणा गोल फिरणाऱ्या यांत्रिक करवतीच्या. मात्र इंग्रजी पुस्तकांत दिलेला 'सरळ खुणा म्हणजे जुने' हा नियम भारतात तसाच लावता येत नाही. आपल्याकडे दोन माणसांनी ओढायची करवत विसाव्या शतकातही कितीतरी वर्षे चालू होती.

स्क्रूचा पुरावा अधिक भरवशाचा. टोकदार, यंत्राने बनवलेला स्क्रू १८४०च्या दशकात अमेरिकेत आला. त्याचे पेटंट हक्क घेऊन बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी १८५४ पासून त्याचे प्रचंड उत्पादन सुरू केले. त्याआधीच्या स्क्रूचे टोक बोथट आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यापासून सरकलेली असे. फुलीच्या खाचेचा स्क्रू तर १९३०च्या दशकातला. 'दोनशे वर्षांपूर्वीच्या' कपाटाची बिजागरी मूळच्याच टोकदार स्क्रूंनी बसवलेली असेल, तर दोनशे वर्षांचा दावा तिथेच संपतो.

कुलूप तर कधीकधी थेट नाव सांगते. १८१८ साली स्थापन झालेल्या चब कंपनीच्या कुलपांवर अनुक्रमांक आणि पत्ता कोरलेला असे. पत्ते बदलत गेल्याने त्यांवरून काळ ठरतो. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात चबचे कुलूप उघडून खळबळ उडवणाऱ्या हॉब्स या अमेरिकनाने पुढे लंडनमध्येच कुलपांची कंपनी काढली. तिचेही नाव अशा सामानावर आढळते. कुलूप गोदरेजचे असेल, तर ते १८९७ नंतरचे, कारण त्या वर्षी अर्देशीर गोदरेज यांनी लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली. अर्थात कुलूप कपाटाच्या जन्माचे साक्षीदार असतेच असे नाही. त्याच्या पट्टीखाली दुसऱ्या आकाराची जुनी खाच दिसते का, ते आधी पाहावे.

पितळी मुठींच्या मागे कधी चौकटच्या आकाराचे बारीक चिन्ह आढळते आणि त्याच्या कोपऱ्यांत अक्षरे व आकडे असतात. अशी मूठ कोणी पॉलिशवाल्याकडे भंगारात देऊ नये. हे ब्रिटनमधील नोंदणीकृत नक्षीचे चिन्ह असून ते १८४२ ते १८८३ या काळात वापरात होते. त्यातील अक्षरांवरून नोंदणीचे वर्ष, महिना आणि दिवसही काढता येतो. १८८४ पासून त्याऐवजी सलग क्रमांक आला. या नोंदवह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत आणि त्यांत नक्षीच्या मालकाचे नाव मिळते. ते नाव मुठीच्या उत्पादकाचे असेल, कपाटाच्या नव्हे. परंतु कपाट त्या तारखेआधीचे नाही, एवढे तरी निश्चित होते. मूठ नंतर बसवलेली नसेल तर, हे ओघानेच आले.

इतके झाल्यावर कोरीव कामाकडे वळावे. एकोणिसाव्या शतकात युरोपला आपल्या जुन्या काळाचे वेड लागले. सतराव्या शतकातील इंग्रजी घाटाचे काळपट ओकचे सामान नव्याने बनू लागले. एवढेच नव्हे, तर खरोखर जुन्या असलेल्या साध्या पेट्यांवरही या काळात नवे कोरीव काम करण्यात आले आणि त्यांवर '१६४०'सारखी सने कोरली गेली. म्हणजे लाकूड जुने, सांधे जुने, पण ज्या नक्षीसाठी आपण ती पेटी घेतली ती दोनशे वर्षांनंतरची! सिंहमुखे आणि शिकारीचे देखावे असलेले भारी कपाट बेल्जियमच्या बाजूचे असू शकते. छोट्या कातीव खुंट्यांच्या जाळ्या आणि शेतकऱ्यांच्या आकृती फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताकडे बोट दाखवतात. ही सर्व ओळख प्रांताची आणि काळाची. एका माणसाचे किंवा कारखान्याचे नाव केवळ नक्षीवरून सांगणारा जाणकार भेटला, तर त्याच्याकडे पुराव्याचा कागद मागावा.

आणि आता तर संगणकाने चालणारी कोरणयंत्रे आली आहेत. भोसरी-चाकणच्या कामगाराला ती नवी नाहीत. हाताने कोरलेल्या दोन पानांत थोडा तरी फरक राहतो आणि खोलगट भागात पटाशीचे वार दिसतात. यंत्राने कोरलेली चारही पाने एकाच मापाची असतात. फिरणाऱ्या पात्यामुळे आतले कोपरे बहुधा किंचित गोलावतात आणि खोलीचा तळ एकसारखा लागतो. बोट फिरवूनही हे कळते.

मग कर्त्याचे नाव मिळते कुठे? काही देशांत ते लाकडावरच मिळते. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून क्रांतीपर्यंत फर्निचर बनवणाऱ्या उस्तादाने आपला शिक्का मारावा असा कारागीरसंघाचा नियम होता. इंग्लंडमध्ये तसा नियम नव्हता. पण लँकेस्टरच्या गिलो या घराण्याने १७८०च्या दशकाच्या अखेरीपासून खणाच्या कडेवर आपले नाव ठोकण्यास सुरुवात केली. त्यांच्या वह्यांत प्रत्येक वस्तूचे रेखाटन, लाकडाचा आणि मजुरीचा हिशेब, पुष्कळदा कारागिराचे नावही असे. या वह्या आजही लंडनच्या वेस्टमिन्स्टर अभिलेखागारात आहेत. यॉर्कशरमधील किलबर्न गावचा रॉबर्ट टॉमसन (१८७६-१९५५) याने ओकच्या प्रत्येक वस्तूवर चिमुकला उंदीर कोरण्याचा प्रघात पाडला. त्याच्या पाठोपाठ त्या भागातील इतर कारागिरांनी खार, ससा, बुटका अशी चिन्हे घेतली. टेबलाच्या पायावर उंदीर दिसला, तर शोध जवळपास संपलाच म्हणायचा. अर्थात उंदीर कोरणे नकलाकारालाही अवघड नाही.

भारतात मात्र वस्तूवर सापडणारे नाव बहुतेक वेळा दुकानाचे असते. आर्मी अँड नेव्ही या लंडनच्या सहकारी भांडाराने १८९१ साली मुंबईत शाखा उघडली. त्याची छापील सूचिपत्रे छावण्या-छावण्यांत जात आणि सामान आगगाडीने पोहोचे. त्याची पितळी पट्टी कपाटावर आढळली, तर कपाट कोणी विकले ते समजते. बनवले कोणी, हा प्रश्न तसाच राहतो.

मुंबईच्या बाबतीत एक नाव मोठे चित्तवेधक आहे : विम्ब्रिज आणि कंपनी. एडवर्ड विम्ब्रिज हा इंग्रज कलावंत आणि वास्तुरचनाकार १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात उतरला तो फर्निचर करायला नव्हे. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट यांच्यासोबत तो न्यूयॉर्कहून आला होता आणि ही सारी मंडळी गिरगावात एकत्र राहत होती. पुढच्याच वर्षी त्यांच्यात बेबनाव झाला. विम्ब्रिज सोसायटीतून बाहेर पडला आणि पारशी भांडवलाच्या साहाय्याने त्याने मुंबईत कलात्मक फर्निचरचा व्यवसाय थाटला. आध्यात्मिक मंडळातल्या भांडणातून मुंबईला एक नामांकित फर्निचर कंपनी मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. या नावाची पट्टी असलेली वस्तू मिळाली, तर तिचा काळ १८८० नंतरचा, हे उघड आहे. परंतु ती पटाशी कोणाच्या हातात होती? मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिसवी कोरीव फर्निचरची भरभराट होती आणि ते काम करणारे हात इथल्याच कारागिरांचे होते. पट्टीवर मात्र त्यांच्यापैकी कोणाचेही नाव नाही.

शेजारच्या अहमदाबादेत हेच घडले. अमेरिकन चित्रकार लॉकवुड द फॉरेस्ट याने १८८१ साली मगनभाई हठीसिंग यांच्यासह तिथे लाकूड कोरण्याचा कारखाना काढला. तिथले सागवानी कोरीव काम न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत गेले आणि अँड्र्यू कार्नेगीच्या हवेलीतील त्याची खोली आज संग्रहालयाचा भाग म्हणून पाहता येते. तीही द फॉरेस्टची खोली म्हणूनच ओळखली जाते. गुजरातच्या मिस्त्रींची म्हणून नव्हे. याच्या उलट उदाहरण पंजाबच्या भाई राम सिंग यांचे. सुतार घराण्यात जन्मलेले आणि लाहोरच्या मेयो कलाशाळेत शिकलेले राम सिंग यांनी १८९०च्या दशकाच्या आरंभी व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधील दरबार दालन सजवले. त्यांचे नाव आज निर्विवाद ठाऊक आहे. कारण राजघराण्याचा पत्रव्यवहार आहे, कलाशाळेच्या नोंदी आहेत आणि राणीने त्यांचे चित्रही काढून घेतले होते. लाकूड काळ आणि प्रदेश सांगते; नाव सांगतो तो बहुधा कागद.

म्हणूनच कपाटाइतकीच कपाटातली रद्दी महत्त्वाची. आजोबांच्या वहीतील लिलावाची नोंद, रेल्वेची पावती, दुकानाचे बिल, घराच्या वाटणीपत्रातील सामानाची यादी, लग्नाच्या फोटोत मागे दिसणारे कपाट, हे सारे पुरावेच. घर रिकामे करताना पहिल्याच दिवशी रद्दीवाल्याला बोलावले जाते आणि कपाट विकण्याचा विचार महिन्याने होतो. तोवर त्याचे नाव तराजूत जाऊन आलेले असते.

कागद नसलेल्या निनावी कपाटाला मग लाकडाचा भाव येतो. चिखलीजवळची कुदळवाडी हे भंगार व्यवसायाचे मोठे केंद्र होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामे आणि पत्र्याच्या शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. भंगाराच्या बाजारात चौकट, खोके आणि कोरीव दार यांची एकच रास होते, तेव्हा घरच्यांना चार पैसे कमी मिळतात हे खरेच, पण त्याहून मोठा तोटा म्हणजे वस्तू कोणत्या घरातून आली हा दुवा कायमचा तुटतो.

दुसरी हानी आपण पैसे देऊन करवून घेतो. 'नव्यासारखे' करून देणारा कारागीर यंत्राने वरचा थर घासतो, पाठीला प्लायवूड ठोकतो, खणात सनमायका चिकटवतो आणि गंजके स्क्रू बदलतो. एका आठवड्यात करवतीच्या खुणा, काळी वर्तुळे, शिक्के आणि जुळणीसाठी सुताराने पेन्सिलीने टाकलेले आकडे नाहीसे होतात.

कायद्याचेही भान हवे. पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायदा १९७२ साली संमत होऊन १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरातन' ठरते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. नोंदणी आवश्यक असलेल्या वर्गांत कोरीव लाकूडही येते. मुलाकडे अमेरिकेत आजोबांची पेटी पाठवण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे चौकशी करावी. वस्तू शंभर वर्षांची नसेल, तर तसे प्रमाणपत्र तिथून मिळते.

घरी असे कपाट असेल, तर हातोडी किंवा पॉलिशवाला येण्यापूर्वी एक सुटीची सकाळ त्याला द्यावी. सगळे खण बाहेर काढून उलटे करावेत. पाठ, तळ, सांधे, कुलूप, बिजागऱ्या आणि मुठींची मागची बाजू यांची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावीत. दिवा समोरून न धरता बाजूने तिरपा धरावा. पुसट झालेला शिक्का त्या सावलीत वाचता येतो. पाठीवर कागदाचा अर्धवट फाटलेला तुकडा चिकटलेला दिसला, तर तो ओल्या फडक्याने पुसू नये आणि नखाने सोडवूही नये. त्यावर एखाद्या रस्त्याचे नाव किंवा नुसता घरक्रमांक उरलेला असला, तरी जुन्या मुंबईच्या व्यापारी निर्देशिकेत तो पत्ता शोधता येतो.